पळत जाऊन करायची कामं

गेल्या अंकात आमच्या साताऱ्याच्या गटाबद्दल मी चारच ओळी लिहिल्या होत्या. बुधवारी सकाळी आम्ही पळत एखाद्या ठिकाणी जातो, पाऊण-एक तास तिथलं काम करतो आणि पळत परत येतो, एवढंच. त्यावर जेवढी पत्रं आली, तेवढी गुडघेदुखीवरही कधी आली नव्हती. म्हणून हा अंक या पत्रांना दिलाय. गुडघेवाल्यांनी महिनाभर कळ काढावी आणि जिना उतरताना कठडा धरावा.

बाई, नमस्कार. आम्ही वीस-पंचवीस जण दर रविवारी एकत्र पळतो. माझा धाकटा भाऊ ब्रिस्टलला असतो. तो तिथल्या 'गुडजिम'मध्ये जातो. तेही तुमच्यासारखंच पळत जाऊन काम करतात. त्याचं ऐकून आम्ही एका रविवारी नदीकाठचा कचरा उचलला. पोती भरली, पण ती न्यायची कुठे यावर अर्धा तास फोनाफोनी झाली. पुढच्या रविवारी निम्मेच आले. नीट सुरुवात कशी करावी?
— कोथरूड, पुणे

आधी तुमच्या भावाचा गट समजून घेऊ. गुडजिम २००९ मध्ये लंडनमध्ये सुरू झालं. आयव्हो गॉर्मली नावाच्या तरुणाला जिमचं वावडं होतं. माणसं घाम गाळून लोखंड उचलतात आणि पुन्हा तिथेच ठेवतात, यात त्याला काही अर्थ दिसेना. मग तो पळत जाऊन, घराबाहेर फारसं पडता न येणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांना वर्तमानपत्र देऊ लागला. पळणं होई आणि त्यांच्याशी चार शब्द बोलणंही होई. आता ब्रिटनमधल्या बऱ्याच शहरांत असे गट आहेत. ठरलेल्या संध्याकाळी जमतात, पळत एखाद्या सार्वजनिक बागेत, शाळेत, धान्यवाटपाच्या केंद्रात जातात, माती ओढतात, कुंपण रंगवतात, खोकी लावतात आणि पळत परत येतात.

लांबून बघणाऱ्याला यातली मुख्य गोष्ट दिसत नाही. ज्यांचं काम आहे, त्यांनी ते आधी मागितलेलं असतं. माणसं किती हवीत, फावडी कुठे ठेवलीत, माती कुठून कुठे न्यायची, हे गट पोचण्याआधी ठरलेलं असतं. तुमच्या नदीकाठी हे ठरवणारं कोणी नव्हतं.

इंग्लंडपर्यंत जायचीही गरज नाही. २०१६ मध्ये पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप, म्हणजे गावांनी श्रमदानाने पाणी अडवायची स्पर्धा झाली तेव्हा तीनच तालुके होते: वरूड, अंबाजोगाई आणि आमचं कोरेगाव. पहिलं बक्षीस कोरेगाव तालुक्यातल्या वेळूने आणलं. त्यानंतरच्या उन्हाळ्यांत शहरांतून श्रमदानाला जाणाऱ्यांची रीघ लागली. त्यातलं कोणी तुमच्या गटात असेल तर विचारा. माळावर समतल चर खणायचे, तर गावची माणसं आधी उतार मोजत आणि एका उंचीच्या रेषा फक्कीने आखून ठेवत. शहरातल्या माणसाने यायचं आणि दोन रेषांमधली माती काढून खालच्या अंगाला टाकायची. हिशेबनीस असो की शिंपी, दहा मिनिटांत कामाला लागे. रेषा नसत्या तर याच उत्साही लोकांनी वाटेल तिथे खड्डे केले असते आणि पहिल्या वळवाने माती सगळी ओढ्यात नेली असती. नोकरीची सगळी वर्षं मी शाळेच्या मैदानावर फक्की मारण्यात घालवली, त्यामुळे मला ही गोष्ट जरा जास्तच आवडते, हे समजून घ्या.

तेव्हा तुमच्या जमण्याच्या जागेपासून तीन-चार किलोमीटरच्या आत फक्की मारून देणारं माणूस शोधा. महापालिकेच्या शाळेच्या मुख्याध्यापिका असतील, वाचनालयाचे ग्रंथपाल असतील, नाहीतर टेकडीवर वर्षानुवर्षं रोपं जगवणारे काका-काकू. ही शेवटची जमात पुण्यात मुबलक आहे आणि तिला सल्ला दिलेला आवडत नाही, हेही लक्षात ठेवा. त्यांना एवढंच विचारा, 'तुमचं कुठलं काम माणसं नाहीत म्हणून अडलंय?' शाळेत मे महिन्यात बाकं गच्चीवरून खाली आणायची असतात. वाचनालयात पुस्तकांची कपाटं हलवून मागची वाळवी बघायची असते. असल्या कामांचे फोटो चांगले येत नाहीत, म्हणूनच ती अडून राहतात.

टेकडीचा हिशेब करून दाखवते. फेब्रुवारी ते मे रोपांना पाणी लागतं. एका रोपाला एका वेळी पाच लिटर धरा. वीस जणांनी पाठीवर दोन-दोन लिटर नेलं तर झालं चाळीस लिटर, म्हणजे आठ रोपं. आठच! तुमच्यातल्या कोणाचं तरी तोंड उतरेल. उतरू दे. तीच आठ रोपं दर आठवड्याला, तीन उन्हाळे सांभाळायची. आळं करून त्यात वाळलं गवत अंथरलं की ओल जास्त दिवस टिकते. बाटली काठोकाठ भरा, अर्धी बाटली पाठीवर डुचमळते आणि खांदे धरतात. चढताना पळा, भरल्या पाठीने उतारावर पळू नका. जागा वन विभागाची असेल तर आधीपासून परवानगीने काम करणाऱ्यांच्या हाताखाली राहा, स्वतःचा वेगळा फलक लावायला जाऊ नका.

कचराच उचलायचा असेल तर तुमच्या भागातल्या 'स्वच्छ'च्या ताईंशी आधी बोला. 'स्वच्छ' ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था, २००८ पासून पुण्यात घरोघरचा कचरा गोळा करते. कुठलं प्लास्टिक विकलं जातं आणि कुठल्या चकचकीत पाकिटाला भंगारवाला हातही लावत नाही, हे त्यांच्याइतकं तुम्हा-आम्हाला कळत नाही. पोती कुठे आणि कधी ठेवायची हे त्यांच्याशी आदल्या दिवशी ठरलं की फोनाफोनीचा अर्धा तास वाचतो. पळता पळता कचरा उचलायचं हे वेड स्टॉकहोमच्या एरिक आल्स्ट्रोमने २०१६ मध्ये सुरू केलं. पुण्यात ते रुजवणारा विवेक गुरव पुढे शिकायला तुमच्या भावाच्याच ब्रिस्टलला गेला, तिथेही कचरा उचलत पळत राहिला आणि २०२३ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधानांकडून 'पॉइंट्स ऑफ लाइट' सन्मान मिळवला. म्हणजे तुम्ही ब्रिस्टलकडून शिकताय आणि ब्रिस्टल पुण्याकडून.

निम्मे आले त्याचं म्हणाल तर महिन्यात एकच रविवार कामाचा ठेवा. बाकीचे रविवार नुसतं पळा आणि नंतर पोहे खा. पळणं हा काही गुन्हा नाही की दर वेळी समाजसेवा करून तो फेडावा.

आमचा बायकांचा गट रंकाळ्याभोवती पळतो. दोन महिन्यांपासून आम्ही पळताना प्लास्टिकही उचलतो. पण नुसतं पळून कधी न दुखलेली कंबर आता दुखते. वय ५४. हे बंद करावं का?
— कोल्हापूर

बंद नका करू, वाकायची पद्धत बदला. पळताना मांडीच्या मागचे स्नायू ताठतात. तशात गुडघे सरळ ठेवून खाली वाकलं की सगळा भार कमरेवर जातो. एक पाय मागे टाकून गुडघ्यावर खाली जा किंवा सरळ बैठक मारा, पाठ ताठ. दर थोड्या वेळाने पिशवीचा हात बदला, कारण एकाच बाजूला लटकणारी पिशवी कमरेला तिरकं ओढते. पिशवी दोन-तीन किलोची झाली की पळणं थांबवून चालायला लागा. त्याहून सोपं म्हणजे जाताना नुसतं पळा, दूरच्या टोकाला पोचल्यावर दहा मिनिटं चालत अंग सैल करा आणि येताना चालत उचला. लांब दांड्याचा चिमटा घेतलात तर उत्तमच. कळ पायात उतरत असेल किंवा पायाला मुंग्या येत असतील, तर मात्र माझं सदर बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा.

कंबरेचं विचारलंत, हातांचं मी सांगते. दवाखान्यातले पातळ हातमोजे या कामाला चालत नाहीत, काच त्यांतून सरळ आत शिरते. बागकामाचे जाड मोजे घ्या. इंजेक्शनची सुई दिसली तर चिमट्यानेच उचला, जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका, झाकण घट्ट लावा, बाटलीवर 'सुया' असं ठळक लिहा आणि सफाई कर्मचाऱ्याच्या हातात सांगून द्या. पोत्यात टाकलीत तर ती पुढे कोणाच्या तरी बोटात जाणार आहे. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवून बघा. पाचोळ्यात आणि झुडपाच्या बुडात हात घालायचा नाही. घोणस पाचोळ्यात बसली की पाचोळ्यासारखीच दिसते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात उतरू नका, पायाला जखम असेल तर मुळीच नको. तरी उतरलात आणि नंतर ताप आला, तर पाण्यात गेले होते हे डॉक्टरांना आपणहून सांगा. लेप्टोचा, म्हणजे साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाचा संशय त्यांना त्यावरून येतो.

आमच्या गटात कामाच्या दिवशी काही जण फक्त फोटोपुरते येतात. फावडं हातात, फोटो, आणि गायब. काय करावं?
— नाशिक

फोटो शेवटी काढा, काम संपल्यावर. सुरुवातीला फोन गोळा करून एका पिशवीत ठेवा. शाळेत मी हेच चिंचा-बोरांच्या बाबतीत करत असे.

बाई, मी साताऱ्यातच कॉलेजला आहे, एनएसएसमध्ये. आम्ही मित्र यवतेश्वरच्या घाटात पळतो. १५ ऑगस्टला पळत कास पठारावर जाऊन पाचशे झाडं लावायचा बेत आहे. प्रायोजक मिळालाय. मार्गदर्शन करावं.
— सातारा

साताऱ्याहून कास पंचवीस किलोमीटर, त्यात घाट, आणि वर पोचल्यावर पाचशे खड्डे. तुझ्या वयाचं मला कौतुक वाटतं. आता ऐक: कासवर एकही झाड लावू नकोस.

रागावू नकोस, कारण सांगते. कास हा सडा आहे. खाली सलग जांभा खडक, त्यावर माती बोटभर, कुठे तेवढीही नाही. पावसाळ्यात त्यावर पाण्याचा पातळ थर साचतो, उन्हाळ्यात खडक तव्यासारखा तापतो. अशा जागी मोठं झाड मुळात टिकत नाही, आणि म्हणूनच तिथे तेरडा, सोनकी, गेंद, सीतेची आसवं अशी बोटभर उंचीची फुलझाडं लाखोंनी येतात. त्यांना मोकळं ऊन लागतं. साडेआठशेच्या आसपास जातींच्या सपुष्प वनस्पती तिथे नोंदल्यात आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या ज्या ३९ जागा जागतिक वारशात गेल्या, त्यांत कास आहे. उघडा माळ दिसला की आपल्याला तो ओसाड वाटतो आणि हात शिवशिवतात. तुम्ही खड्डे खणाल, बाहेरची माती टाकाल, त्या मातीतून गाजर गवताचं बी येईल. पाचशे रोपं जगली तरी नुकसान, मेली तरी नुकसान. शिवाय हंगामात पन्नास पोरं पठारावर पळाली, तर पायांखाली काय काय जाईल याचा विचार कर. तिथे वन विभाग आणि आसपासच्या गावांची समिती तिकीट, संख्येची मर्यादा असं सगळं सांभाळते, ते उगाच नाही.

मग काय करायचं? एनएसएसचे तुला वर्षाला १२० तास भरायचे असतात. ते एका १५ ऑगस्टला संपवू नकोस, वर्षभर पुरव. फुलांचा हंगाम सरला की घाटरस्त्याच्या कडेला पर्यटकांच्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं उरतात. ती गोळा करायला डांबरी रस्ता सोडून पाऊलही आत टाकावं लागत नाही. एका दमात कासपर्यंत पळायचीही गरज नाही, घाटाचा एक टप्पा तुमचा धरा. पावसाळा संपून गवत वाळायला लागलं की डोंगरांवर जाळरेषा काढायचं काम निघतं. वणवा पुढे सरकू नये म्हणून गवताचा लांब पट्टा आधीच मोकळा करायचा. कापणं आणि ओढणं तुम्ही करू शकता, जाळणं फक्त वन विभागाची माणसं करतील. अजिंक्यताऱ्याच्या उतारावरचे वणवे तू पाहिलेच असशील. कार्यालयात जाऊन वनरक्षकांना भेट, कुठला पट्टा हे त्यांनाच दाखवू दे. पोरांना मजा येईल, कारण उतारावर विळा चालवताना जेवढ्या मांड्या भरून येतात तेवढ्या घाट चढतानाही येत नाहीत. विळे मात्र पळताना हातात घ्यायचे नाहीत, ते गाडीतून आधी पोचवायचे. हे लिहावं लागतंय, कारण तुमच्या वयाची पोरं मी पुष्कळ पाहिलीत.

प्रायोजकाला सांग, रोपांचे पैसे नकोत. गेल्या दोन वर्षांत गावातल्या शाळांनी लावलेली रोपं आहेत, त्यांच्यासाठी एक टाकी आणि शंभर फूट पाइप दे. नाही म्हणाला तर त्याला झाडं नको होती, फलक हवा होता, असं समज. आणि बुधवारी आमच्याबरोबर ये. सहाला निघतो, उशिरा येणाऱ्यासाठी थांबत नाही.

आम्ही मिरामारवर पळतो आणि आठवड्यातून एकदा किनारा साफ करतो. पावसाळ्याच्या तोंडावर काळे डांबरगोळे येतात. ते उचलावेत का? दुसऱ्या किनाऱ्यांवरही जायचा विचार आहे.
— पणजी, गोवा

उघड्या हाताने नको. समुद्रातल्या तेलाचा तो गोळा असतो, कातडीला चिकटतो आणि काहींना पुरळही येतं. जाड मोजे, खुरपं, वेगळी पिशवी. ती पिशवी इतर कचऱ्यात मिसळायची नाही, किनारा सफाईच्या माणसांना वेगळी दाखवून द्यायची. पायाला लागलंच तर खोबरेल तेल चोळा, मग साबण. आणि हे काम अनवाणी पळणाऱ्यांचं नाही.

मोरजी, आगोंद, गालजीबाग या बाजूला जाणार असाल तर हिवाळ्यात कासवं अंडी घालायला येतात. वन विभागाने आखलेल्या जागेपासून लांब राहा, फणीने वाळू ओढू नका आणि पहाटे अंधारात डोक्याला दिवा लावून पळू नका. उजेडाने कासवीण परत फिरते आणि पिल्लं समुद्राऐवजी भलतीकडे जातात. उजाडल्यावर जा.

माझे वडील ८३ वर्षांचे, दादरला एकटे राहतात. मी ठाण्याला. खिडकीतून त्यांना शिवाजी पार्ककडे पळत जाणारी तरुण मुलं रोज दिसतात. यातलं कोणी आठवड्यातून एकदा त्यांच्याकडे डोकावेल, असं काही करता येईल का? हे सुरक्षित आहे का?
— ठाणे

सगळ्या पत्रांत हे मला सर्वांत जवळचं वाटलं. वर ज्या गुडजिमबद्दल लिहिलं, तिथे एकट्या राहणाऱ्या वृद्धांकडे दर आठवड्याला पळत जाणारी माणसं असतात, आणि त्या वृद्धाला ते 'कोच' म्हणतात. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. पाऊस असो, कंटाळा असो, तिकडे कोणीतरी वाट बघतंय म्हणून पळणारा घराबाहेर पडतो. कोच आणखी वेगळं काय करतो? साताऱ्यात शनिवार पेठेतल्या एका आजींकडे आमच्यातल्या दोघी जातात. आजींना पळण्यातलं काही कळत नाही. पण दाराशी घड्याळ घेऊन बसतात आणि उशीर झाला की विचारतात, 'आज चालत आलीस काय गं?' त्या भीतीने एकीचा दहा किलोमीटरचा वेळ खरोखर सुधारला.

सुरक्षिततेचं विचारलंत ते बरं केलं. ब्रिटनमध्ये अशा भेटींना जाणाऱ्याची पोलिसांकडची नोंद आधी तपासतात. आपल्याकडे ती सोय गटाजवळ नसते, म्हणून ओळखीतून जा. एखाद्या गटातल्या दोघांशी आधी तुम्ही स्वतः बोला, कुठे राहतात, काय करतात ते कळू द्या, ओळखपत्रं बघा. पहिल्या काही भेटींना तुम्ही घरात हजर राहा. इमारतीच्या वॉचमनला आणि शेजाऱ्यांना सांगा. वार आणि वेळ ठरलेली असावी, भेट अर्ध्या तासाची. पैशाला, पासबुकाला, फोनमधल्या ओटीपीला त्यांनी हात लावायचा नाही, आणि वडिलांनी प्रेमाने दिलं तरी घ्यायचं नाही. औषधं आणून देणं ठीक, कुठली गोळी घ्यावी ते सांगणं नाही. बल्ब बदलणं, माळ्यावरची पेटी काढणं, गॅसचा सिलिंडर सरकवणं, ही कामं पळून तापलेल्या अंगाला छान जमतात. आणि कोणाला सोडून जायचं असेल तर त्याने तसं सांगून, दुसऱ्याची ओळख करून देऊन जावं. म्हाताऱ्या माणसाला अचानक येईनासं झालेलं माणूस फार लागतं.

मदत, माहिती किंवा तक्रार काहीही असो, ज्येष्ठांसाठी १४५६७ हा एल्डरलाइनचा क्रमांक आहे. वडिलांच्या फोनशेजारी मोठ्या आकड्यांत लिहून ठेवा.

एक विचारायचं राहिलं: वडिलांना विचारलंत का? पत्रात त्यांचं मत कुठे दिसलं नाही. त्यांना कदाचित गप्पा नको असतील, बुद्धिबळाला जोडीदार हवा असेल. किंवा खिडकीतून बघणंच पुरेसं असेल. ते काय म्हणतात ते ऐका, मग मुलं शोधा.

आमचा नवा गट आहे. कामाला सुरुवात करण्याआधी सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट करावेत का? कोणता रंग?
— बारामती

तीन महिने काम करा, मग किती जण उरतात ते मोजून तेवढेच शिवा. रंग गडद घ्या, पांढऱ्यावरचा चिखल जात नाही. पहाटे रस्त्यावर पळणार असाल तर पाठीवर चमकणारी पट्टी हवीच, ट्रकवाल्याला तुमचं घोषवाक्य वाचता येत नाही. वाचलेल्या पैशांतून चार खुरपी आणि सहा लोखंडी घमेली घ्या. प्लास्टिकची घेऊ नका, उन्हात तडकतात.